ऑफिसचं व्हीपीएन लावलं की नेट रांगायला लागतं, काय करू?

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी कराडला असते, कंपनी पुण्याची, आठवड्यातले चार दिवस घरून काम, त्यासाठी ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या आतल्या नेटवर्कात जायची सुरक्षित वाट. घरी लोकल केबलवाल्याचं फायबर आहे, २०० एमबीपीएसचा प्लॅन, आणि खोटं कशाला बोलू, व्हीपीएन बंद असताना स्पीडटेस्टला १८०-१९० येतातच. पण ऑफिसचं व्हीपीएन लावलं रे लावलं की ६, फार तर ७. मीटिंगमध्ये माझा आवाज घागरीतून आल्यासारखा येतो म्हणे. स्कॅन केलेल्या बिलांची ३०० एमबीची झिप शेअर्ड ड्राइव्हवर टाकायला घेतली की कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन, वरण फोडणीला टाकून परत येते तरी ती अर्ध्यावरच लटकलेली.

केबलवाला म्हणतो मॅडम लाइन ओके आहे, ऑफिसला विचारा. ऑफिसच्या आयटीला तिकीट टाकलं तर ते म्हणतात तुमच्या घरचं नेट बघा, बाकी कुणाची तक्रार नाही, आणि तिकीट बंद. राउटर तीनदा बंद-चालू करून झालाय, तेवढं सोडून काहीही सुचवा.

शेंगदाणा | सोमवार, रात्री ९:५०

चौथ्यांदा करून बघा. (पळतो आता)

बंब्या | सोमवार, रात्री १०:०५

ते ६ एमबी आहे का एमबीपीएस? कारण ६ एमबी पर सेकंद असेल तर ते ४८ एमबीपीएस झालं, आठाने गुणायचं असतं, मग एवढं वाईट नाही.

आणि नाहीतर ऑफिसचं काढून टाका आणि प्ले स्टोअरवरून एखादं फ्री व्हीपीएन टाका ना, ढीगभर आहेत, मी वापरतो, मस्त पळतं.

तारतम्य | सोमवार, रात्री १०:३१

बंब्याशेठ, आठाचा हिशेब बरोबर, पुढचा सल्ला मात्र मागे घ्या. ताईंना ऑफिसच्या आतल्या ड्राइव्हवर जायचंय, तिथे ऑफिसचंच व्हीपीएन लागणार, दुसरं कुठलं चालेल? आणि फुकट व्हीपीएनवाले सर्व्हरचा खर्च कुठून काढतात हे एकदा विचारा स्वतःला. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट व्हीपीएनचं प्रकरण गाजलं होतं, लोकांच्या घरचीच बँडविड्थ ते लुमिनाटी या आपल्या दुसऱ्या धंद्यातून विकत होते. म्हणजे आपलं नेट वापरून भलताच कोणी कुठेतरी उद्योग करणार आणि पत्ता आपल्या घरचा.

कोयनाकाठ ताई, सेटिंग बदलायच्या आधी दोन-चार गोष्टी बघून सांगा. लॅपटॉप वायफायवर आहे की वायरने? फोनचा हॉटस्पॉट लावून त्यावर तेच व्हीपीएन चालवलं तर किती येतं? सकाळी सातला आणि रात्री नऊला आकड्यात फरक पडतो का? आणि स्पीडटेस्टमध्ये सर्व्हर कुठला निवडला जातो तेही बघा. ती साइट आपल्याला जवळातला जवळ सर्व्हर देते, कित्येकदा तो केबलवाल्याच्याच किंवा त्याच्या वरच्या कंपनीच्या नेटवर्कात बसलेला असतो, म्हणजे ते १९० म्हणजे घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतचा स्पीड. पुण्याच्या ऑफिसपर्यंतचा नव्हे.

हॉटस्पॉटचं तेवढं नक्की करा. त्यातून दोष घरच्या लाइनचा की ऑफिसचा ते पाच मिनिटांत कळतं.

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ११:१०

अवांतर प्रश्न, पण त्याच विषयातला. माझं ऑफिसचं नाही, स्वतः पैसे भरून घेतलेलं व्हीपीएन आहे. देश 'इंडिया' निवडला तरी पिंग (सर्व्हरला निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) ६५-७० मिलिसेकंद येतो. पुण्यात बसून भारतातल्याच सर्व्हरला एवढा पिंग कसा काय? मुंबई तर इथून १५० किलोमीटरवर. पैसे परत मागू का?

तारतम्य | सोमवार, रात्री ११:२६

मागू नका, तो सर्व्हर भारतात नसणारच. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) वगैरे पाच वर्षं सांभाळून ठेवायचे. 'आम्ही नोंदी ठेवत नाही' हेच ज्यांचं दुकान त्यांना ते परवडणार नव्हतं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातली मशीनं उचलली. एक्सप्रेसव्हीपीएनने तर उघड सांगितलं की आता भारतीय आयपी मिळेल पण मशीन सिंगापूरला किंवा ब्रिटनला असेल. म्हणजे तुम्ही पुण्यातून सिंगापूरला जाऊन परत मुंबईतली वेबसाइट उघडताय.

हिशेब करून बघा. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ३९ मिलिसेकंद, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. तुमचे ६५ अगदी रास्त आहेत. (ऑफिसच्या अंतर्गत व्हीपीएनला तो नोंदींचा नियम लागू नाही, त्यामुळे ताईंच्या प्रकरणाशी याचा संबंध नाही.)

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ११:३३

म्हणजे इतके दिवस मी सिंगापूरमार्गे शनिपाराला जात होतो. धन्यवाद.

म्युनिककर | मंगळवार, पहाटे २:१५

इकडे अजून रात्रच आहे म्हणून लिहितो. माझं उलटं, ठाण्याला आईबाबांच्या घरी एक छोटा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ठेवलाय, त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन, आणि मी म्युनिकहून घरच्या डिस्कवरचे जुने फोटो बघतो. वायरगार्ड हलकं म्हणतात ते खरंच, जेमतेम चार हजार ओळींचा कोड, मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ सोबत थेट कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आलं. त्याआधी तिथल्या राउटरवरच ओपनव्हीपीएन चालवत होतो, त्या बिचाऱ्या राउटरचा प्रोसेसर एन्क्रिप्शन करता करता १५ एमबीपीएसलाच धापा टाकायचा. लाइन १०० ची असून काय उपयोग. (ओपनव्हीपीएननेही २०२३ मध्ये २.६ ला कर्नेलमधून डेटा नेण्याची सोय केली, पण जुन्या राउटरांत ती कुठून येणार.)

तरी एक कोडं होतं. स्पीडटेस्ट चांगली, फोल्डर कॉपी करायला घेतलं की साडेतीनच्या वर हलेना. शेवटी कळलं की माझा कॉपी करायचा प्रोग्राम पुराणा, तो एका वेळी ६४ केबीच पाठवतो आणि पोच येईपर्यंत हातावर हात ठेवून बसतो. म्युनिक-ठाणे जाऊन येऊन १५० मिलिसेकंद धरा, म्हणजे सेकंदाला सहा-सात खेपा, दर खेपेला ६४ केबी, झाले साडेतीन एमबीपीएस. लाइन १०० ची असो की १००० ची, फरक शून्य. प्रोग्राम बदलला, एकाच वेळी आठ फाइली जातील असं केलं, लगेच पळायला लागलं.

बाकी समुद्राच्या पुढे आपलं काही चालत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात जेद्दाहजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या तेव्हा भारत-युरोप बरंचसं लांबच्या वाटेने वळवलं होतं. तेव्हा सेटिंग बदलत बसलेल्यांची मला दया येते, मीही त्यातलाच एक.

कोयनाकाठ | मंगळवार, सकाळी ८:२०

वा, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद. तारतम्य दादा, सांगितलेलं सगळं केलं.

६ म्हणजे एमबीपीएसच, बंब्या दादा, तेवढं नशीब नाही. वायर लावली, व्हीपीएनवर तेच ६. पहाटे साडेसहाला बघितलं तरी ६. आणि आता ऐका, फोनचा हॉटस्पॉट लावला, ज्यावर एरवी आमच्याकडे जेमतेम ३५ येतात, त्यावर तेच व्हीपीएन २८!! म्हणजे पिद्दू फोनवर २८ आणि २०० च्या फायबरवर ६. मला तर रडू आलं.

म्हणजे केबलवालाच चोर ना?

तारतम्य | मंगळवार, सकाळी ९:०२

थांबा, त्याला फोन करून भांडायच्या आधी अजून एक. हॉटस्पॉटवर नीट चालतंय म्हणजे ऑफिसचं गेटवे (व्हीपीएनचं तिकडचं दार), तुमचा लॅपटॉप, त्याचा प्रोसेसर, ऑफिसची लाइन हे सगळे सुटले. राहिलं काय, तुमचा राउटर आणि केबलवाल्याची लाइन. पहाटे आणि वायरनेही तेच ६ म्हणजे गर्दी नाही, वायफायही नाही. गर्दी असती तर आकडा खालीवर झाला असता. असा खिळा ठोकल्यासारखा एकाच आकड्यावर बसलेला स्पीड बघितला की मला प्रोटोकॉलची, म्हणजे डेटा नेण्याच्या पद्धतीची, शंका येते.

व्हीपीएनच्या खिडकीत गिअरचं चित्र असेल, ते दाबा, आकडेवारीचं पान उघडेल, त्यात प्रोटोकॉल असं लिहिलेलं शोधा. टीएलएस आहे की डीटीएलएस? फायबरवर एकदा बघा, हॉटस्पॉटवर एकदा.

कोयनाकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत बघितलं. फायबरवर टीएलएस, हॉटस्पॉटवर डीटीएलएस. एका 'डी' ने एवढा फरक पडतो का हो?

तारतम्य | मंगळवार, दुपारी २:४०

सापडलं बहुतेक. त्या 'डी' वरच सगळं आहे.

डीटीएलएस यूडीपीवरून जातं, टीएलएस टीसीपीवरून. यूडीपी पाठवून मोकळं होतं, टीसीपी पोच बघत बसतं. असे क्लायंट आधी यूडीपीने प्रयत्न करतात, ते कुठे अडलं तर न सांगता टीसीपीवर उतरतात, आपल्याला कनेक्टेडच दिसतं. आता टीसीपीचा स्वभाव असा की पाकीट (डेटाचा तुकडा) हरवलं की ते परत पाठवायचं आणि घाबरून स्वतःचा वेग कमी करायचा. तुमची फाइल आत टीसीपीने चाललीय, आणि तिच्याभोवतीचं व्हीपीएनही टीसीपीच. बाहेर एक पाकीट हरवलं की बाहेरचा ते परत पाठवतो, तोवर मागची सगळी पाकिटं रांगेत थांबतात, आतल्याला वाटतं माझंच हरवलं, तोही परत पाठवतो, तोही वेग कमी करतो. एकाच वहीत दोन मुनीम जमाखर्च लिहायला बसवल्यासारखं, प्रत्येक एंट्री दोनदा आणि वरून भांडण. मीटिंगमधला घागरीतला आवाजही त्यातलाच, आवाजाला उशिरा आलेलं पाकीट काही कामाचं नसतं आणि टीसीपी ते आणल्याशिवाय पुढे सरकत नाही.

आता तुमच्याकडे यूडीपी कोण अडवतंय एवढाच प्रश्न. राउटरच्या पानावर जाऊन सिक्युरिटीमध्ये डॉस प्रोटेक्शन (पाकिटांचा भडिमार अडवणारी सोय) किंवा यूडीपी फ्लड असं काही चालू आहे का बघा. व्हीपीएनची यूडीपी पाकिटं एकाच पत्त्याकडे धडाधड जातात, राउटरला वाटतं हल्ला आला.

शेंगदाणा | मंगळवार, दुपारी २:५५

मी धाग्याच्या सुरुवातीलाच म्हणालो होतो, राउटर. पॉपकॉर्न आणतो.

कोयनाकाठ | मंगळवार, रात्री १०:०८

घरचाच चोर निघाला!

दिवाळीत आमचा पुतण्या आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, 'काकू तुमचा राउटर एकदम उघडा आहे' म्हणून त्याने तासभर बसून सगळं 'सिक्युअर' करून दिलं, मी त्याला वर बेसनाचे लाडू बांधून दिले. आता बघते तर डॉस प्रोटेक्शनमध्ये तिन्ही खटके चालू आणि यूडीपी फ्लडपुढे 'हाय', म्हणजे सगळ्यात कडक. यूडीपीचा तेवढा बंद केला, बाकीचे दोन राहू दिले, राउटर परत सुरू केला (शेंगदाणा दादा, हो, चौथ्यांदा), व्हीपीएन लावलं, डीटीएलएस आलं आणि स्पीड ८५!!! मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

पण, आणि हा पण मोठा आहे. झिप टाकायला घेतली तर आता ती शून्यावरच अडकते. आधी रांगत का होईना जात तरी होती. चॅट चालतं, मेल येतात, छोट्या फाइली जातात, मोठी फाइल आणि ऑफिसची दोन-तीन आतली पानं मात्र नुसती गोल गोल फिरतात. हॉटस्पॉटवर सगळं ठीक. आता काय?

तारतम्य | मंगळवार, रात्री १०:४७

छोटं जातं, मोठं अडतं, म्हणजे एमटीयू, एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, डोळे झाकून सांगतो.

तुम्ही कराडच्या, उसाचं उदाहरण देतो. ट्रॉली किती उंच भरायची ते रस्त्यातला सगळ्यात बुटका पूल ठरवतो. साध्या इंटरनेटवर पाकिटाची उंची १५०० बाइट. तुमचा केबलवाला युजरनेम-पासवर्ड घालायला लावतो ना, ते पीपीपीओई, त्यात ८ गेले, उरले १४९२. त्याच्या पुढे त्याची वरच्या कंपनीशी आणखी काय जोडणी आहे देव जाणे, त्यात अजून काही जातात. त्यात व्हीपीएन तुमच्या पाकिटावर आपलं वेष्टन चढवतं. मग ट्रॉली पुलाला अडते. नियमाने पुलावरच्या माणसाने उलटा निरोप द्यायचा असतो की बाबा उंची कमी करून आण, पण पुष्कळ ठिकाणी तो निरोपच सुरक्षिततेच्या नावाखाली बंद करून ठेवलेला असतो. पाठवणारा परत परत तेवढीच ट्रॉली भरून पाठवतो. रिकामी बैलगाडी मात्र आरामात जाते, ते तुमचं चॅट. जुन्या टीएलएसमध्ये हे होत नव्हतं कारण टीसीपी जोडणी करतानाच दोन्ही बाजू पाकिटाचा आकार ठरवून घेतात.

मोजायचं असं. व्हीपीएन बंद करा, कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंगला उणे एफ आणि उणे एल लावून १४७२ द्या, पत्ता १.१.१.१ चालेल. उणे एफ म्हणजे तुकडे करू नको. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. उत्तर नाही आलं तर दहा-दहाने कमी करत या, आलं की एकेकाने वर जा. जो सगळ्यात मोठा आकडा जाईल त्यात २८ मिळवून इथे लिहा.

म्युनिककर | बुधवार, पहाटे १:३०

+१ एमटीयू. वायरगार्ड मुळातच १४२० धरून चालतं ते याच भीतीने, १५०० मधून जास्तीत जास्त ८० वेष्टनाचे वजा. आमच्या ठाण्याच्या लाइनवर तेही जात नव्हतं, १३८० केल्यावर गाडी निघाली.

कोयनाकाठ | बुधवार, सकाळी ७:५५

१४१२ जातंय, १४१३ ला रिक्वेस्ट टाइम्ड आउट. म्हणजे १४४०. पुलावरचा माणूस खरंच काही बोलत नाही, नुसतं टाइम्ड आउट.

आता हे बदलायचं कुठे? ऑफिसच्या लॅपटॉपवर मला घड्याळाची वेळसुद्धा बदलता येत नाही.

तारतम्य | बुधवार, सकाळी ८:३०

तुम्ही नका बदलू, आयटीला करू द्या, पण तिकिटात 'नेट स्लो आहे' असं लिहू नका, ते वाचून कोणीही बंदच करणार. असं लिहा की हॉटस्पॉटवर डीटीएलएस ठीक, घरच्या लाइनवर डीटीएलएस जोडलं जातं पण मोठी पाकिटं पडतात, घरच्या लाइनचा एमटीयू मोजून १४४० आलाय, कृपया माझ्या प्रोफाइलचा टनेल एमटीयू १३०० करावा. बघा कसा फोन येतो.

जाता जाता त्यांना हेही विचारा की मीटिंगचा व्हिडिओ व्हीपीएनमधून कशाला नेता. तुमची मीटिंग कराडहून पुण्याच्या ऑफिसात, तिथून बाहेर, परत ऑफिसात, परत कराड. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळं जग घरी बसलं तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने टीम्ससारख्या गोष्टी टनेलच्या, म्हणजे व्हीपीएनच्या वाटेच्या, बाहेरून थेट सोडा असा सल्ला दिला होता. स्प्लिट टनेलिंग म्हणतात. अर्थात तो निर्णय सुरक्षेचा, त्यांचा; नाही म्हणाले तर वाद घालू नका.

बंब्या | बुधवार, सकाळी ११:१५

फ्री व्हीपीएन काढून टाकलं काल रात्री. वाचनखूण साठवली.

कोयनाकाठ | गुरुवार, रात्री ८:४०

तुम्ही म्हणालात तसंच झालं! तिकीट टाकल्यावर वीस मिनिटांत फोन, आणि पहिलंच वाक्य, 'मॅडम, हे तुम्हाला कोणी सांगितलं?' मी म्हटलं आमच्याकडे मंडळ आहे. त्याने स्क्रीन शेअर घेऊन १३०० केलं. झिप दीड मिनिटात गेली, मी वरण टाकायला उठलेसुद्धा नव्हते. मीटिंगचं मात्र नाही म्हणाला, क्लायंटशी तसा करार आहे म्हणे. असू दे, आवाज आता नीट जातो.

रात्री साडेआठ-नऊनंतर अजूनही ३० वर येतं, व्हीपीएन असो नसो. हे काय असावं?

तारतम्य | गुरुवार, रात्री ९:०५

व्हीपीएन नसतानाही पडतं ना, मग ती गर्दी. एकाच तारेवर केबलवाल्याने किती घरं बसवलीत ते त्यालाच विचारा. याला मात्र आता बिनधास्त फोन करून भांडा.

शेंगदाणा | गुरुवार, रात्री ९:११

आणि पुतण्याला कळवलंत का?

कोयनाकाठ | गुरुवार, रात्री ९:२०

कळवलं. म्हणतो, 'काकू, मग आता वायफायचा पासवर्ड तरी बदला, मी तो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला होता.' केबलवाल्याला नंतर फोन करते, आधी पासवर्ड बदलते.